शेवटच्या थांब्याची टेस्ट

डोंगरेजींचा फोन ऑफिस उघडायच्या आधी आला की समजायचं, आज पहिला चहा थंड होणार.

डोंगरेजी म्हणजे हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे ट्रान्सपोर्ट इनचार्ज. चारचाकी गाड्यांच्या आत वायरींच्या जाड जुड्या असतात, त्या बांधणारा हा कारखाना. बारीक नजरेचं, हाताचं काम, म्हणून कामगारांत बायका बऱ्याच. शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसेस त्यांना घेऊन शहरभर जायच्या. कोणी कोणत्या बसमध्ये बसायचं आणि बस कोणत्या क्रमानं थांबत जाईल, याची यादी रोज एक प्रोग्रॅम काढायचा. तो आमच्या ऑफिसनं लिहिला होता आणि माझ्या नोकरीची शेवटची बरीच वर्षं तो मी सांभाळत होते.

आमचं ऑफिस प्रताप नगरात, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. खाली ड्रिलची घरघर, वर आम्ही सात-आठ माणसं कीबोर्ड बडवत. बाहेर पाटीवर ‘सॉफ्टवेअर’ लिहिलेलं असूनही गल्लीतले लोक बिघडलेले प्रिंटर घेऊन जिना चढायचे, आणि आमचे मालक अनिलभाऊ ते दुरुस्तही करून द्यायचे. आमचे ग्राहक म्हणजे कोचिंग क्लास, पॅथॉलॉजी लॅब, गोदामं, आणि हिंगण्याचे दोन-तीन कारखाने. मोठ्या शहरांतल्या मोठ्या कंपन्यांच्या गोष्टी पुष्कळांनी लिहिल्या आहेत. या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, “कॉम्प्युटरचं लिहा, पण आमच्या वाचकाला झोप येऊ देऊ नका.” म्हणून मी माझ्या नोकरीतला एकच किस्सा सांगते. तो टेस्टचा आहे. शाळेतली टेस्ट नव्हे, प्रोग्रॅमची.

आधी थोडं धंद्याचं. प्रोग्रॅम पायथन नावाच्या भाषेत होता. नाव अजगराचं, स्वभाव गाईचा. अशा भाषांना स्क्रिप्टिंगच्या भाषा म्हणतात. सोपं सांगायचं तर, ओळी लिहायच्या आणि लगेच चालवायच्या, मध्ये काही सोपस्कार नाहीत. हाच तिचा गुण आणि हाच दोष. लिहिणं इतकं सोपं, की लिहिलेलं तपासायला कोणी थांबत नाही. एखाद्या ओळीत चूक असेल तर ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत चूक झोपून राहते. आणि काही चुका तर चालल्यावरही जाग्या होत नाहीत. प्रोग्रॅम बंद पडत नाही, कुरकुर करत नाही, सुबक अक्षरांत चुकीचं उत्तर छापून देतो.

तपासणं म्हणजे काय, याच्या लोकांच्या कल्पनाही गमतीच्या असतात. पारशिवनीला आमचे एक बियाणेवाले शेठ होते. गोदामातल्या पोत्यांची बेरीज आमच्या प्रोग्रॅमवर निघायची. ते रोज तो कागद दोनदा छापायचे आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून आकड्यावर आकडा ताडून बघायचे. मी एकदा विचारलं, “शेठजी, हे कशासाठी?”

“मशीनचं काय सांगा लागते मॅडम, एखाद्या वेळी चुकून बी जाते.”

“पण ते दोन्ही वेळा सारखंच चुकलं तर?”

शेठजी म्हणाले, “मग तिसरा काढून पाहीन.”

आम्ही ऑफिसात खूप हसलो. पण खरं सांगायचं तर आमच्याकडे तरी याहून वेगळं काय होतं? प्रोग्रॅम एकदा चालवायचा, यादी नीट दिसली की ग्राहकाला पाठवून द्यायची.

बसच्या प्रोग्रॅममध्ये एक नियम होता. सेकंड शिफ्ट रात्री उशिरा सुटते. त्या बसमधून सर्वांत शेवटी उतरणारी जर एकटी बाई असेल, तर त्या बसवर कंपनीचा गार्ड बसवायचा आणि तिला दारापर्यंत सोडूनच बस परत आणायची. यादीत त्या बसपुढे ‘गार्ड’ असा शब्द छापून यायचा. डोंगरेजी तो शब्द बघायचे आणि गेटवरच्या एका गार्डला बसमध्ये चढवायचे.

त्या सकाळी डोंगरेजींचा आवाज नेहमीसारखा नव्हता. एरवी ते फोनवर आधी हवापाण्याचं बोलत. त्या दिवशी एकदम म्हणाले, “मॅडम, काल बेसा रूटच्या बसले गार्ड नोहता. शेवटी एक बाईच होती. यादीत गार्ड लिहूनच नाई आला.”

“काय झालं?”

“झालं काई नाई. पण तुम्ही येऊन जा.”

मी ऑटो केला आणि हिंगण्याला गेले. गेटजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये डोंगरेजींचं टेबल. समोरच्या बाकावर एक तिशीची बाई बसली होती, निळा ॲप्रन, केस घट्ट बांधलेले. डोंगरेजींनी ओळख करून दिली, “ह्या रेखाताई मेश्राम. पॅकिंगले आहेत. ह्यायचीच बस होती ती.”

रेखानं झालेलं सांगितलं. मानेवाड्याला शेवटचे पुरुष कामगार उतरले. पुढे शेवटच्या थांब्यापर्यंत, बेसापर्यंत, ती एकटी. ड्रायव्हरनं रिंग रोडच्या अलीकडे एका टपरीवर बस उभी केली आणि तो चहाला उतरला, तो येईचना. शेवटी तिनं भावाला फोन केला, भाऊ मोटरसायकलवर येऊन तिला घेऊन गेला.

“बस, इतकंच,” ती म्हणाली. “झालं काई नाई.”

ते वाक्य मी त्या दिवशी बऱ्याच जणांकडून ऐकलं. डोंगरेजी म्हणाले, त्यांचे साहेब म्हणाले, ड्रायव्हरच्या ठेकेदाराचा माणूस म्हणाला. प्रत्येकाच्या तोंडी त्याचा अर्थ थोडा वेगळा होता.

मी तिथेच लॅपटॉप उघडून प्रोग्रॅम पाहिला. चूक सापडायला वेळ लागला नाही. कामगारांची माहिती कंपनीच्या हजेरीच्या मशीनमधून आमच्याकडे यायची. त्यात बाईच्या नावापुढे इंग्रजी ‘एफ’ हे एक अक्षर असायचं, पुरुषापुढे ‘एम’. आमची ओळ म्हणायची, ‘एफ’ असेल तर बाई, नाहीतर पुरुष. त्याच आठवड्यात कंपनीनं हजेरीचं मशीन बदललं होतं. नवीन मशीन एका अक्षराऐवजी ‘फीमेल’ असा पूर्ण शब्द पाठवत होतं. आमच्या ओळीच्या हिशेबी ‘फीमेल’ म्हणजे ‘एफ’ नव्हे. म्हणजे पुरुष. अख्ख्या कारखान्यातल्या बायका प्रोग्रॅमनं एका फटक्यात पुरुष करून टाकल्या होत्या, आणि गार्डची गरजच संपवली होती.

ती ओळ कोणी लिहिली हे शोधण्यात अर्थ नव्हता. लिहिली तेव्हा ती बरोबरच होती. मशीन बदलणाऱ्यांनाही या ओळीचा पत्ता नव्हता.

“माझ्या बसले गार्ड काहून नाई आला, सापडलं का जी?” रेखानं विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं, अक्षर आणि शब्द यांच्यासकट. ती ऐकत राहिली आणि मग एकदम हसली.

“म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरनं मले माणूस समजलं?”

आमच्याकडे माणूस म्हणजे पुरुष. डोंगरेजीही हसले. मला मात्र हसू आलं नाही. हसून झाल्यावर तिचे हात ॲप्रनच्या खिशात गेले आणि तिथेच मुठी वळलेले राहिले, ते मला दिसत होतं.

ओळ मी पाच मिनिटांत दुरुस्त केली. त्या दिवशीच्या यादीत गार्ड छापून आला. डोंगरेजी खूश झाले. पण प्रताप नगरला परतताना माझ्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. दुरुस्ती झाली, हे ठीक. पण उद्या मशीन पुन्हा बदललं, किंवा आमच्यापैकीच कोणी दुसऱ्या कामासाठी ही ओळ हलवली, तर ते कोणाला कळणार? या वेळी ते एका बाईला रस्त्यावर कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी अनिलभाऊंना सांगितलं की मला बसच्या प्रोग्रॅमला टेस्ट लावायच्या आहेत, आणि त्यासाठी काही दिवस दुसरं काम घेणार नाही.

अनिलभाऊ माणूस चांगला. पूर्वी त्यांचं सीताबर्डीला कॉम्प्युटर जोडून विकायचं दुकान होतं. चालती वस्तू उघडायची नाही, हा त्यांचा तेव्हापासूनचा धर्म.

“कुंदाताई, चालून राहिला ना तो? मग काहून उकरून राहिल्या?”

“परवाही चालतच होता, भाऊ.”

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाले, “बरं, करा. पण लवकर आटपा.”

आता ही टेस्ट म्हणजे काय ते सांगते. प्रोग्रॅमच्या एका छोट्या भागाला असा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे. त्यानं तेच उत्तर दिलं तर ठीक. वेगळं दिलं तर स्क्रीनवर लाल अक्षरांत बोंब. हे प्रश्न एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवायचे. मग प्रोग्रॅममध्ये कानामात्रा जरी बदलला तरी एक कमांड द्यायची, की ते सगळे प्रश्न एका दमात विचारले जातात. त्यासाठी विकत काही आणावं लागत नाही, पायथनसोबत ही सोय आपोआप येते. शेठजींची पद्धत आणि ही पद्धत यांत फरक एवढाच, की शेठजी मशीनचं उत्तर मशीनच्याच उत्तराशी ताडत होते. इथे उत्तर आपण आधी ठरवायचं असतं.

अडचण वेगळीच निघाली. आमचा प्रोग्रॅम म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच लांबलचक पाट होता. फाइल वाचली, बसेस भरल्या, गार्ड ठरवला, यादी छापली, सगळं एका दमात. त्याला मध्येच थांबवून ‘गार्ड हवा का’ एवढंच विचारायची सोय नव्हती. काहीही विचारा, तो अख्खी यादीच छापायचा. म्हणून आधी मी गार्डचा निर्णय त्या पाटातून वेगळा काढला आणि त्याचं एक छोटं फंक्शन केलं. त्याला फक्त बसमधल्या लोकांची माहिती आणि थांबे द्यायचे, त्यानं फक्त ‘हवा’ किंवा ‘नको’ सांगायचं. छापणं-बिपणं त्याचं काम नाही. अर्धा वेळ या कापाकापीतच गेला.

मग पहिली टेस्ट लिहिली. एक खोटी बस. तिच्यात दोन प्रवासी. आधी पुरुष उतरतो, शेवटी बाई. तिच्या नावापुढे ‘फीमेल’. गार्ड हवा का? उत्तर, हवा. चालवली. हिरवं आलं.

इथे या धंद्यातली एक सवय सांगण्यासारखी आहे. हिरवं आल्यावर खूश व्हायचं नाही. मी जुनी चुकीची ओळ मुद्दाम परत टाकली आणि टेस्ट पुन्हा चालवली. लाल झाली. मग जिवाला बरं वाटलं. चूक समोर असूनही जी टेस्ट लाल होत नाही, तिचा काही उपयोग नसतो, उलट तिच्या भरवशावर आपण गाफील राहतो. ओळ पुन्हा नीट केली आणि पुढे गेले.

पुढचे प्रश्न मी एकटीनं लिहू शकत नव्हते, कारण बस कशी चालते ते मला ठाऊक नव्हतं. डोंगरेजींना ऑफिसात बोलावलं. ते आले, खुर्चीवर मांडी घालून बसले, आणि आम्ही दोघांनी दुपारभर खोट्या बसेस भरल्या. शेवटच्या थांब्यावर दोघी बायका एकत्र उतरल्या तर? नको. त्याच दोघी दोन वेगळ्या थांब्यांवर उतरल्या तर? हवा, कारण शेवटची एकटीच राहते. यादीत पुरुषाचं नाव आहे पण तो त्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून आधीच घरी गेला तर? डोंगरेजी सावरून बसले. “हे तं मॅडम नेहमीचं आहे.” हवा.

मग ते म्हणाले, “अन् नवरा-बायको एकाच बसमधी असले, शेवटी दोघंच उतरले, तर गार्ड नको. नवराच गार्ड झाला.”

“आणि दोघांचं भांडण झालेलं असलं तर?”

“तर मग गार्ड नवऱ्याले लागते जी!”

ही टेस्ट आम्ही ‘नको’ असं उत्तर घालून लिहिली.

शेवटचा प्रश्न मी विचारला. नावापुढे काहीच लिहिलेलं नसेल, किंवा असं काही लिहिलेलं असेल जे प्रोग्रॅमला कळतच नाही, तर? जुना प्रोग्रॅम अशांना पुरुष धरून मोकळा व्हायचा. आम्ही ठरवलं की इथून पुढे त्यानं अंदाज करायचा नाही. थांबायचं आणि नाव सांगायचं.

या शेवटच्या नियमावरून नंतर डोंगरेजींनीच मला शिव्या घातल्या. एका रात्री नवीन भरती झालेल्या मुलीच्या नावापुढचा रकाना कोरा होता. प्रोग्रॅमनं यादी छापायला साफ नकार दिला. बसेस उभ्या, शिफ्ट सुटलेली, लोक गेटवर. “तुमच्या टेस्टापायी माझ्या बसा थांबल्या!” मी फोनवरच सांगितलं की रकाना भरा, यादी निघेल. निघाली. सकाळी त्यांचा परत फोन आला, आवाज उतरलेला. ती मुलगी कळमेश्वरकडच्या बसमध्ये शेवटची एकटीच होती.

अशा रीतीनं काम सुरळीत चाललं. टेस्टांची फाइल वाढत गेली. अनिलभाऊ आता नवीन ग्राहकांना कौतुकानं सांगायचे, “आमच्याकडे टेस्ट करूनच देतो.” मला मनातून बरं वाटायचं. कारखान्यातल्या बायका मला ओळखत नव्हत्या आणि ओळखायची गरजही नव्हती. यादी निघते, गार्ड बसतो, बस जाते.

मग एक दिवस कारखान्यातून मेल आला. तिथे नवे एचआरचे साहेब आले होते. त्यांनी ‘एक छोटा बदल’ मागितला होता. गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीकडून माणसं कमी येत होती. बसमध्ये ड्रायव्हरसोबत क्लिनर असतोच. तेव्हा क्लिनर असलेल्या बसवर वेगळा गार्ड दाखवू नये, क्लिनरलाच सोबत धरावं.

मी बदल केला. खरोखरच छोटा होता, दोन ओळींचा, कारण क्लिनर प्रत्येक बसवर आहे असंच धरायचं होतं. टेस्ट चालवल्या. जिथे उत्तर ‘हवा’ होतं त्या सगळ्या टेस्ट लाल, अगदी पहिलीपासून. शेवटच्या थांब्यावर एकटी बाई, गार्ड हवा का? प्रोग्रॅम आता म्हणत होता, नको.

अनिलभाऊ माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. “मग टेस्ट बदला ना ताई. नियम बदलला तर टेस्टबी बदलते. तुम्हीच तं सांगितलं होतं.”

बरोबर होतं. टेस्ट काही ब्रह्मवाक्य नसते. नियम बदलला तर तिचं उत्तरही बदलायचं असतं.

“भाऊ, नियम बदलला हे कोणाला माहीत आहे?”

“साहेबाले.”

“बसमध्ये बसणाऱ्यांना?”

अनिलभाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हा कारखाना आमचा सर्वांत मोठा ग्राहक होता. “तुम्ही जाऊन बोलून या,” ते म्हणाले. “पण जरा सांभाळून, ताई. कस्टमर तुटला तर आपण सगळेच खाली दाताच्या डॉक्टरकडे कामाले लागू.”

कारखान्यात महिन्यातून एकदा ट्रान्सपोर्ट कमिटीची बैठक असायची. दुपारी, कॅन्टीनच्या बाजूच्या खोलीत. साहेब, डोंगरेजी आणि कामगारांतर्फे दोघी बायका. त्यातली एक रेखा मेश्राम. बेसा रूटच्या प्रकारानंतर बायकांनी तिलाच पुढे केलं होतं. मी साहेबांची परवानगी घेऊन त्या बैठकीत लॅपटॉप घेऊन बसले.

साहेब तरुण, बोलायला नम्र. पुण्याकडचे. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

“हे लाल काय आहे?” त्यांनी विचारलं. “प्रोग्रॅम बिघडला का?”

“नाही साहेब. प्रोग्रॅम तुम्ही सांगितलं तसंच करतोय. लाल याचा अर्थ, आधी आपण जे कबूल केलं होतं ते आता होत नाहीये. ते तुम्हाला सगळ्यांना चालत असेल तर मी टेस्ट बदलते. पण कमिटीला माहीत नसताना बदलणार नाही.”

“पण एकटी कुठे असते ती बाई? क्लिनर असतो ना बसमध्ये. दोन माणसं असतात.”

मी प्रोग्रॅम सांभाळणारी. क्लिनर चालेल की नाही, हे मी कशाच्या आधारावर सांगणार? डोंगरेजी टेबलाकडे बघत होते.

रेखा म्हणाली, “साहेब, त्या दिवशीबी क्लिनर होताच.”

डोंगरेजींनी मान वर केली. ती पुढे सांगू लागली.

“ड्रायव्हर चहाले उतरला. क्लिनर नाई उतरला. तो आला अन् माझ्या मागच्या शीटवर बसला. म्हणे, नवरा काय करते, घरी कोण कोण आहे, इतक्या रात्रीची नोकरी काहून करतेस. मी उठून पुढे दाराजवळ आली, तर तोबी पुढे आला. मग मी खाली उतरून रस्त्यावर उभी राहिली अन् भावाले फोन लावला. भाऊ येतपर्यंत तो दारात उभा राहून हासत होता.” ती थांबली. “तेव्हा मी सांगितलं नाई. झालं काई नोहतं ना. काय सांगू?”

दुसऱ्या बाईनं आपला हात रेखाच्या पाठीवर ठेवला.

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी वाद घातला नाही. “तो माणूस अजून आपल्या बसवर आहे?” एवढंच विचारलं.

“आहे जी,” डोंगरेजी म्हणाले. “माझ्याच ड्युटीत आहे. मले माहीत नोहतं, रेखाताई. देवाशपथ.”

तो बदल तिथेच रद्द झाला. क्लिनरची चौकशी लागली आणि ठेकेदाराला त्याला काढावं लागलं. गार्ड कमी पडत होते म्हणून साहेबांनी रूटच असे जुळवले की शेवटी एकटी राहणाऱ्या बायकाच कमी झाल्या. ते काम आम्हीच करून दिलं. मी निघण्याआधी त्याच टेबलावर एक नवीन टेस्ट लिहिली. बसमध्ये एकटी बाई, सोबत क्लिनर. गार्ड हवा का? हवा. चालवून सगळ्यांना दाखवली.

इथे गोष्ट संपली असती तर मला ती सांगायला जास्त आवडली असती. पण खोलीत झालेलं बोलणं खोलीत राहत नाही. कारखान्यातून ते बेसाला पोचलं. रेखानं घरी क्लिनरचं कधी सांगितलं नव्हतं. नवरा पेंटिंगची कामं करायचा, तो वाईट नव्हता, पण त्याला लोकांच्या बोलण्याचा त्रास व्हायला लागला. सासूनं म्हटलं, बस झाली नोकरी. ज्या दिवशी काही झालं नव्हतं त्या दिवशी नोकरी टिकली, आणि खरं बोलल्यावर सुटली. डोंगरेजींनी मला हे फोनवर सांगितलं. लाल ओळ मी त्या खोलीत नेली होती ती सगळ्यांना माहीत व्हावं म्हणून. बोलणाऱ्याला ते काय भावानं पडेल, हा हिशेब माझ्या कुठल्याच फाइलमध्ये नव्हता. आज पुन्हा तसा प्रसंग आला तरी मी ती ओळ नेईनच. पण आधी एकदा रेखाला भेटेन.

मी निवृत्त झाले तेव्हा ती फाइल माझ्या जागी आलेल्यांना दिली. त्यांनी मान डोलावली. बसच्या टेस्ट ते चालवतात की नाही, मला ठाऊक नाही. विचारायला मी जात नाही, सासुरवाशिणीनं माहेरचं स्वयंपाकघर तपासू नये.

गेल्या उन्हाळ्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. रेखा होती. माझा नंबर डोंगरेजींकडून घेतला म्हणाली. दोन वर्षं घरी बसल्यावर आता बुटीबोरीच्या एका कारखान्यात लागली होती, सुपरवायझर म्हणून. नवऱ्यानंच अर्ज आणून दिला होता.

“इंटरव्ह्यूले साहेबानं विचारलं, तुम्हाले काही विचारायचं आहे का,” ती सांगत होती. “मी म्हटलं, बसले गार्ड असते का? म्हणे, असते. मी म्हटलं, कोणत्या बसले द्यायचा ते कोण ठरवते? म्हणे, कॉम्प्युटर ठरवते. मी म्हटलं, अन् त्या कॉम्प्युटरले कोण तपासते?”

मी हसले. “मग काय म्हणाले साहेब?”

“काई नाई बोलले, मॅडम. लिहून घेतलं त्यायनं.”